येतो म्हणालेल्यांच्या तारखा

पस्तीस वर्षं मी सातिवलीला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्याचं गोदाम सांभाळलं. कुठला माल कुणाला द्यायचा आणि कधी द्यायचा, हे माझ्याकडे होतं. पार्टीचा फोन यायचा, 'गुरुवारी टेम्पो पाठवतो.' की मी तेवढी खोकी मोजून भिंतीला लावायचो आणि वर खडूने पार्टीचं नाव टाकायचो. मग दुसरा कोणी रोख पैसे घेऊन दारात उभा राहिला तरी त्या थप्पीला मी हात लावू द्यायचो नाही. एकदा तर खुद्द मालकाला लावू दिला नव्हता. मालक आधी चिडले, मग हसले, आणि पुढे नव्या माणसांना सांगायचे, शब्दाला जागायचं कसं ते ह्यांच्याकडून शिका. ही बढाई नाही. पुढे जे झालं ते ह्याच सवयीमुळे झालं, म्हणून आधी सांगून ठेवतो.

आम्ही वसईजवळच्या भुईगावचे. वाडी आहे, केळी आहेत, नारळ आहेत, समुद्र पायी दहा मिनिटांवर. घरात चार माणसं: मी, बायको, सून आणि साडेचार वर्षांची नात. मुलगा मालवाहू बोटीवर असतो, वर्षातले सात-आठ महिने पाण्यात. सून साताऱ्याकडची. लग्नाआधी अंधेरीच्या एका मोठ्या हॉटेलात रिसेप्शनला होती, नात झाली तेव्हा तिने नोकरी सोडली. आमच्या घरात पाण्याला पानी म्हणतात. सुरुवातीला तिला ते ऐकून हसू यायचं. हल्ली वाडीत मोटर लावायला सांगताना तीही ओरडते, 'बाबा, पानी सोडा.' मला ते ऐकून बरं वाटायचं. म्हणायचो, झाली ही आमची.

मागच्या गणपतीत जेवताना तिने सांगितलं, की पुण्याच्या एका हॉटेलातून तिला विचारणा आली आहे. मोठी जागा आहे, हाताखाली माणसं असतील. आईवडीलही तिकडून जवळ. ती गेली की नात गेली. नात गेल्यावर ह्या घरात उरतं काय? मी आणि बायको. आम्ही दोघं एकमेकांशी काय बोलणार, चाळीस वर्षांत सगळं बोलून झालं आहे.

मी त्या रात्री काही बोललो नाही, पण सकाळी माझ्याकडे उपाय तयार होता. वाडीच्या मागच्या अंगाला मुलाने बांधलेल्या दोन खोल्या आहेत. तिथे कोणी राहत नव्हतं, खताच्या गोण्या आणि जुन्या सायकली पडल्या होत्या. मी सुनेला तिथे नेलं आणि म्हटलं, 'तुला हॉटेलच चालवायचं आहे ना? मग घरच्या घरी चालव. मुंबईची माणसं शनिवार-रविवारी समुद्र शोधत फिरत असतात. खोल्या भाड्याने द्यायचं ते अ‍ॅप असतं ना, त्यावर टाकायचं, लोक येतील.'

तिने खोल्यांकडे पाहिलं, गोण्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, 'बघू, बाबा.'

मी दुपारी रंगारी बोलावला.

बायको म्हणाली, 'अहो, ती बघू म्हणाली. हो नाही म्हणाली.' मी म्हटलं, तुला काय कळतंय. रंग लावून झाला, न्हाणीघरात नवीन फरशी बसली, तेव्हा सून एकदा माझ्याशेजारी ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, 'बाबा, मी मे अखेरपर्यंत बघते. एक सीझन. बुकिंगं आली तर ठीक, नाहीतर मला जूनमध्ये पुण्याला जावं लागेल.' मला हेच हवं होतं. तारीख ठरली की माणसाला काम करता येतं. मे अखेरपर्यंत घर भरलेलं दिसलं पाहिजे, एवढंच मी डोक्यात घेतलं.

तिचं काम बघून मात्र मी चाट पडलो. मी खोल्या माझ्या परीने सजवल्या होत्या. कारखान्यातून निरोपाला मिळालेलं घड्याळ लावलं होतं, प्लास्टिकची फुलं, बायकोने विणलेली तोरणं, पलंगावर वाघाचं चित्र असलेलं ब्लँकेट. तिने सगळं उचलून एका गोणीत भरलं. पांढऱ्या चादरी आणल्या. मी म्हटलं, पांढऱ्या चादरी दवाखान्यात असतात. ती म्हणाली, हॉटेलातही असतात, बाबा. आमच्या वाडीत बावखल आहे, म्हणजे गोड्या पाण्याचं छोटं तळं. त्यात आम्ही आयुष्यभर पाय धुतले आणि शेवाळावरून घसरून पडलो. तिने सकाळच्या उन्हात त्याचा असा फोटो काढला, की तो बघून मी विचारलं, हे कुठलं गाव?

कामं वाटून घेतली. फोटो, भाव, येणाऱ्यांशी मेसेजवर बोलणं तिच्याकडे. जेवण बायकोकडे. मला वाईट वाटू नये म्हणून तिने कॅलेंडर माझ्याकडे दिलं. माझ्या फोनवर ते अ‍ॅप घालून दिलं आणि शिकवलं. तारखेवर बोट ठेवायचं, ती करडी होते, मग ती कोणालाच मिळत नाही. घरात कार्य असलं, मोटर बिघडली, की तारीख बंद करायची.

'म्हणजे माल बाजूला काढून ठेवायचा,' मी म्हटलं.

'हो, तसंच,' ती म्हणाली. तिला काय ठाऊक.

दिवाळीच्या सुटीत पहिले पाहुणे आले, अंधेरीच्या एका ऑफिसातल्या दोन मुली. मी त्यांना वाडी दाखवली, बावखल दाखवलं, केळीचा घड कसा उतरवायचा ते दाखवलं, तुम्ही मूळच्या कुठल्या ते विचारलं, लग्नाचं काय ते विचारलं. संध्याकाळी त्या समुद्रावर निघाल्या तर वाट चुकू नये म्हणून बरोबर गेलो. चार दिवसांनी सुनेने त्यांचा रिव्ह्यू वाचून दाखवला. जागा सुंदर, काकूंच्या हातचे बोंबील अप्रतिम, चादरी स्वच्छ. आणि शेवटी: 'काका प्रेमळ आहेत, पण सारखे असतात.'

मी हबकलोच. सारखे असतात म्हणजे काय? माझं घर आहे, मी असणारच. बायको तोंडाला पदर लावून हसत होती. 'चाळीस वर्षं मी हेच म्हणतेय,' ती म्हणाली, 'मला कोणी लिहायला दिलं नाही.' सुनेने मला समजावलं, की लोक एकांतासाठी पैसे देतात. बोलावल्याशिवाय जास्वंदीच्या कुंपणापलीकडे जायचं नाही. मी कबूल केलं आणि पाळलंही. फक्त एक गोष्ट सोडली नाही. निघताना पाहुण्यांना फाटकापर्यंत सोडायला जायचोच. घरी आलेला माणूस एकट्याने फाटक उघडून जातो, हे मला बघवत नाही.

आणि त्या फाटकापाशीच सगळा घोळ झाला.

त्या दोन मुली म्हणाल्या, 'अंकल, होळीला नक्की येतो, सगळ्या ग्रुपला घेऊन.' मी घरात आलो, चष्मा लावला, होळीच्या आदल्या दिवसापासून चार दिवस करडे केले. डिसेंबरात ठाण्याचं एक कुटुंब आलं होतं. त्यातले गृहस्थ गाडीत बसता बसता म्हणाले, 'मुलाची परीक्षा झाली की येतो परत.' आता परीक्षा कधी संपते ते मला माहीत नव्हतं. विचारायला गेलो तर गाडी वळली होती. म्हणून मी अंदाजाने मार्चअखेरचे पंधरा दिवस ठेवले. थोडं मागेपुढे झालं तर गैरसोय नको. जानेवारीत डोंबिवलीचं एक वयस्क जोडपं आलं. फार सज्जन माणसं. ते म्हणाले, 'आंबे लागले की येतो.' आंब्यांचा काही भरवसा नसतो, म्हणून एप्रिलचे शनिवार-रविवार आणि मे महिन्याचा पूर्वार्ध त्यांच्यासाठी अडवला. एक जण म्हणाला, आमची तीस जणांची भजनी मंडळी आहे, सगळे येतो. तीस जण एका शनिवारी मावणार नाहीत, म्हणून मेचे उरलेले सगळे शनिवार त्यांना दिले. प्रत्येक वेळी मनात थप्पी लागत गेली आणि मला समाधान वाटत गेलं.

फेब्रुवारी संपता संपता बुकिंगं यायची थांबली. मधल्या वारी एखाददुसरा माणूस यायचा, तोही एका रात्रीचा. सून हैराण. तिने भाव कमी केला. फोटो बदलले. पहिल्या फोटोत समुद्र टाकला, मग समुद्र काढून बावखल टाकलं, मग नातीला पाठमोरं झोपाळ्यावर बसवून तो फोटो टाकला. न्याहारी फुकट केली. सकाळी अर्नाळ्याला जाऊन होडीने किल्ला बघायचा, येताना बंदरावर ताजी मासळी घ्यायची आणि ती काकू रांधून देणार, असा एक बेत तिने लिहिला. वाचूनच तोंडाला पाणी सुटत होतं. काही उपयोग झाला नाही. एकदा ती मला म्हणाली, 'बाबा, कॅलेंडर नीट आहे ना?'

'एकदम नीट,' मी म्हटलं.

खोटं बोललो नाही. माझ्या दृष्टीने ते इतकं नीट होतं, की मला तिच्या काळजीचं आश्चर्य वाटायचं. जूनपर्यंतचं सगळं माझ्याकडे लागून होतं. करड्या तारखा तिच्याही फोनवर दिसत असणार, ही नव्या गिऱ्हाइकांसाठी धडपडते आहे, असं मी धरून चाललो होतो. होळीला मी सकाळपासून फाटकापाशी खुर्ची टाकून बसलो. बायकोने पुरणाच्या वीस पोळ्या जास्त केल्या होत्या, कशासाठी ते मी तिला नीट सांगितलं नव्हतं. त्या मुली आल्या नाहीत. मी म्हटलं, टेम्पोसुद्धा पंक्चर होतो. गोदामात आम्ही दोन दिवस वाट बघायचो. माणसांसाठी जास्त बघायला हवी, म्हणून पुढचा शनिवारही त्यांच्याच नावावर ठेवला. आता हे लिहिताना माझं मलाच थोबाडीत मारावंसं वाटतं.

एप्रिलच्या मध्याला एका दुपारी आम्ही जेवत होतो. सुनेचा फोन वाजला. तिच्या जुन्या हॉटेलातली मैत्रीण होती. सून नातीला भरवत होती, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला आणि सगळ्यांना ऐकू आलं.

'अगं, अभिनंदन,' मैत्रीण म्हणाली. 'मेमध्ये तुझ्याकडे यायचं म्हणून शोधतेय, तर एक शनिवार रिकामा नाही. जूनपर्यंत पॅक. एवढं चालतं होय तुमचं?'

सुनेचा हात नातीच्या तोंडाजवळ तसाच थांबला. 'पॅक?' ती म्हणाली. 'आमच्याकडे दीड महिना कुत्रं फिरकलेलं नाही.'

तिने उष्ट्या हाताने फोन उघडला. डाव्या हाताच्या बोटाने मार्च मागे सारला, एप्रिल बघितला, मे बघितला. मग माझ्याकडे पाहिलं. 'बाबा, हे काय आहे?'

मी अभिमानाने सांगायला लागलो. हो, अभिमानानेच, आता खोटं कशाला सांगू. हे डोंबिवलीचे, आंब्यांसाठी. ही भजनी मंडळी. हे ठाण्याचे, परीक्षेनंतरचे, त्यांचं काहीतरी अडलेलं दिसतं. सांगता सांगता माझा आवाज आपोआप बारीक होत गेला, कारण तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला होता.

'ह्यांनी पैसे भरलेत?' तिने विचारलं.

'शब्द दिलाय.'

'म्हणजे नक्की काय म्हणाले?'

'येतो म्हणाले.'

मग बायकोने कपाळाला हात लावला. 'अहो, विजेचं मीटर बघायला येणारा माणूससुद्धा निघताना येतो म्हणतो. त्याचीही तारीख ठेवलीत का? काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ते हे. पोर तिकडे फोटो काढून काढून दमली, आणि तुम्ही इकडे दार लावून बसलात.'

माझ्या पायाखालची वाळू सरकली. घर चालावं म्हणून ज्या माणसाचा जीव सगळ्यांत जास्त तुटत होता, त्यानेच ते बंद ठेवलं होतं. मे अखेरीला दीड महिना उरला होता. ह्या दीड महिन्यावर सून राहते की जाते ते ठरणार, आणि आधीचा दीड महिना मी स्वतःच्या बोटाने करडा केला होता. माझ्या हातून भात कालवला जाईना. सून मात्र ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग मी चिडलो. माणसाला स्वतःवर फार वेळ चिडता येत नाही, म्हणून मी त्या लोकांवर चिडलो. येणार नव्हतात तर येतो म्हणालात कशाला? सुनेने शांतपणे सांगितलं, 'एकेकाला फोन करा आणि विचारा. येणार असतील तर पैसे भरू देत. नाहीतर तारीख मोकळी करा.'

ओट्यावर बसून मी फोन लावले. ठाण्याच्या गृहस्थांना माझी ओळखच पटेना. 'कोण काका? वसईचे? अच्छा, अच्छा. नाही हो, ते असंच म्हणालो होतो.' असंच. मी फोन कानाला तसाच धरून बसलो. त्यांचा पोरगा दहावीला होता, परीक्षा मार्चच्या मध्यालाच संपली होती. त्या दोन मुलींपैकी एकीने 'सॉरी अंकल, बघू, पावसाळ्यात जमलं तर' म्हणून फोन ठेवला. भजनी मंडळीवाले खो खो हसले. म्हणाले, 'काका, तीस जण गोळा करायचे तर देवालाच खाली यावं लागेल.'

डोंबिवलीच्या सज्जनांना मी शेवटी फोन केला. निदान हे तरी शब्दाचे पक्के निघतील, अशी आशा होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'अहो, निघताना जातो म्हणायचं नसतं, म्हणून येतो म्हटलं. तुम्हीही तसंच म्हणत असाल ना?'

म्हणतो. रोज सकाळी दूध आणायला निघताना बायकोला येतो म्हणतो. पण मी येतो.

त्यांना तसं म्हटलं असतं तर वाद झाला असता, म्हणून गप्प बसलो. ते मात्र चांगले माणूस. माझी माफी मागितली, आणि वर म्हणाले की तुम्ही आमच्यासाठी जागा ठेवलीत हे बायकोला सांगतो, ऐकून तिला बरं वाटेल. मी सगळ्या तारखा मोकळ्या केल्या. एकेका तारखेवर बोट ठेवताना कुणाच्या तरी नावाचा खडू पुसतोय असं वाटत होतं.

तास झाला नाही तोच पहिलं बुकिंग आलं. संध्याकाळपर्यंत तीन. सुनेने इतके दिवस केलेले कष्ट कुठे गेले नव्हते. फोटो चांगले होते, भाव कमी होता, बोंबिलांची कीर्ती लोकांनी लिहून ठेवली होती. फक्त दार बंद होतं. आठ दिवसांत मे भरला, आणि ह्या वेळी खरोखरीचा, पैसे भरून.

ते पाच आठवडे घरात नुसती लगबग. रोज चादरी वाळत पडलेल्या, बायको पहाटे पाचला नारळ खोवायला बसलेली, आणि सून सगळीकडे. तिला पाहुण्यांशी बोलताना मी कुंपणाअलीकडून बघायचो. एका कुटुंबाची गाडी वाटेत बंद पडली, तर तिने फोनवरूनच मेकॅनिक पाठवला, पोरांना दूध पाठवलं, आणि ती माणसं पोचली तेव्हा चिडलेली असायच्या ऐवजी हसत होती. मी थक्क झालो. कारखान्यात मी भलेभले मॅनेजर पाहिले, पण असं डोकं पाहिलं नाही. लोक तिच्याबद्दल लिहायला लागले. मी नातेवाइकांना फोन करून सांगितलं, की सून आता इथेच राहणार, धंदा लागला. गवंड्याला बोलावून तिसऱ्या खोलीचं माप घेतलं. एकदा तिला म्हटलं, 'पावसाळ्यातही बंद ठेवायचं नाही. हिरवंगार असतं, लोक येतील.' ती पांढऱ्या चादरीची घडी घालत होती. म्हणाली, 'बघू, बाबा.'

मी गवंड्याला म्हटलं, पुढच्या आठवड्यात विटा टाक.

मे संपायला चार दिवस होते तेव्हा कुरियर आलं. सून आणि नात समुद्रावर गेल्या होत्या, पाहुणे झोपले होते. मला वाटलं, आणखी चादरी मागवल्या असतील. चाकू घेऊन पिशवी फाडली. आत लहान मुलीचा लाल चौकड्यांचा गणवेश होता, दोन जोड, आणि खिशावर शाळेचं चिन्ह. चिन्हाखाली बारीक अक्षरांत पुणे लिहिलेलं.

मी तो गणवेश मांडीवर घेऊन बसून राहिलो. पहिल्यांदा मला वाटलं, पत्ता चुकला. पाकीट उलटं करून बघितलं. नाव सुनेचं, पत्ता आमचाच.

त्या दोघी वाळू झटकत आल्या. नात गणवेश बघून धावली आणि तो अंगाला लावून बायकोला दाखवायला आत पळाली. तिला माहीत होतं. साडेचार वर्षांच्या पोरीला माहीत होतं आणि मला नव्हतं. सून दारातच उभी राहिली.

'बाबा, शेवटचे पाहुणे गेले की सांगणार होते मी,' ती म्हणाली.

'प्रवेश कधी घेतला?'

'जानेवारीत.'

जानेवारीत मोजक्याच तारखा करड्या होत्या. जानेवारीत पाहुणे येत होते. माझ्या डोक्यात काही बसेना. इतके दिवस मी समजत होतो की माझ्या चुकीने ती जाणार होती आणि माझ्या फोनांनी ती राहिली. 'मग मे अखेरपर्यंत बघते म्हणाली होतीस ते?'

ती माझ्यासमोर ओट्यावर बसली. 'तुम्ही रंगारी बोलावला होतात, बाबा. फरशी बसवलीत. त्यानंतर तोंडावर नाही कसं म्हणायचं मला कळेना. मला वाटलं, मे येईपर्यंत तुमच्या आपोआप लक्षात येईल.'

'पण चाललं की. बघ, किती चाललं.'

'चाललं ह्याचा आनंद झाला. खरंच झाला. पण मला ती नोकरी करायची आहे. इथे कितीही केलं तरी मी तुमच्या घरातली सून म्हणून चहा नेऊन देते. तिथे माझ्या हाताखाली वीस माणसं असणार आहेत.'

मी मुलाचं विचारलं. त्याला माहीत होतं, त्यानेच फॉर्म भरला होता. मग मी आत बघितलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात नातीचा गणवेश हातात धरून उभी होती. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, 'मला होळीपासून ठाऊक आहे. तुम्हाला सांगायला गेलं की तुम्ही म्हणता, तुला काय कळतंय.'

थोबाडीत बसावी तसं झालं. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, समुद्रावर बोटीत बसलेल्या माणसालाही माहीत होतं, आणि मी गवंड्याकडून विटांचा भाव काढत होतो. मला राग यायला हवा होता. मी राग शोधला, तो कुठे सापडेना. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून बोलायला गेलो, आणि भलतंच बोललो.

'मला वाटतं तू जाऊ नयेस,' मी म्हटलं. 'खोल्यांचं मरू दे. त्यात परत गोण्या भरू. पण तू आणि पोर इथे नसलात तर मला करमणार नाही. मला भीती वाटते त्याची.'

असं मी घरात कधी कोणाला म्हटलेलं नाही. मुलगा पहिल्यांदा बोटीवर गेला तेव्हाही मी फक्त तिकीट नीट ठेव एवढंच म्हटलं होतं. सून माझ्याकडे बघत राहिली. तिने ओढणीने डोळे पुसले, मग पुन्हा पुसले.

'गणपतीत मी सांगितलं तेव्हा हे म्हणाला असतात तर,' ती म्हणाली, आणि थांबली.

'तर काय? राहिली असतीस?'

'विचार केला असता, बाबा,' ती म्हणाली. 'आता सोमवारी रुजू व्हायचं आहे.'